धुणं

हडर्सफील्डच्या चढावरचं घर,
वरची लहान खोली क्लबच्या पोरांसाठी.
बारा वर्षांत सहा जण राहून गेले,
ऑफसाइड मला अजून कळत नाही.
धुणं कळतं.

मोठ्या संघाचे कपडे क्लबात धुतात, पोरांचे घरी.
शनिवारी कॅलन मशीनपुढे बॅग उपडी करायचा
आणि मी सामना वाचायचे:
मांडीवर हिरवा ओरखडा, घसरून बॉल काढलाय.
पाठभर चिखल, कुणीतरी आडवं केलंय.
कॉलर चावलेली असली
की भात जास्त लावायचा, विचारायचं काही नाही.

जानेवारीपासून शर्ट स्वच्छ यायला लागले.
नुसता बाकावर बसल्याचा दमट वास.
मी साबण तेवढाच घालत राहिले.

एप्रिलमधला मंगळवार. अकरा मिनिटं.
'टेबलावर टिश्यूचा खोका आधीच ठेवला होता,' तो म्हणाला,
'खोका बघितला आणि कळलं.'
बसस्टॉपवर पोचेपर्यंत
ग्रुपमधून नाव काढलेलं.

पत्रात शब्द होता रिलीज.
आमच्याकडे पिक्चर रिलीज होतो,
पडद्याला हार, पहिल्या खेळाला शिट्ट्या.
मी रात्री पडल्या पडल्या मराठी शोधत राहिले:
मोकळीक? सुटका? सोडचिठ्ठी?
नवव्या वर्षी हाताला धरून पंगतीत बसवलं,
अठराव्या वर्षी भरल्या ताटावरून उठवलं,
एवढंच जमलं.
सकाळी त्याला ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं.
तो म्हणाला, 'ताट होतं तरी.'
यावर मला काही सुचलं नाही.

घरी जायचं नव्हतं त्याला.
व्हाइटहेवनला, बंदराजवळच्या चिप्सच्या दुकानात
त्याचा फोटो लावलाय, व्हिनेगरच्या बाटल्यांच्या वर.
आईला फोन मीच लावला.
आईचं आईला कळतं म्हणतात;
मला अर्धंच कळलं, तिचे उच्चार फार जड,
उरलेलं अर्धं ती बोललीच नाही.

क्लबची एक बाई पंधरा दिवसांनी फोन करते.
भली आहे. झोप? जेवण? पुढचा काही विचार?
तिच्या एकटीच्या यादीत एकेचाळीस पोरं.
मी म्हणते, झोपतो. दुपारी.

मग उमरला बोलावलं.
उमर जालो, या खोलीतला तिसरा,
आता वायरमन, स्वतःची व्हॅन.
तो जिन्याच्या पायरीवर बसला, कॅलन दाराआड.
धीर धर वगैरे काही म्हणाला नाही.
म्हणाला, 'आठ महिने मी सामना लागला
की टीव्हीची वायर उपटून ठेवायचो.
त्यातूनच धंदा सुचला.'
दाराआडून आवाज आला, हसू की खोकला,
आम्ही दोघांनीही ठरवलं नाही.

गुरुवारी रात्री शाळेमागच्या मैदानात
अशीच दहा-बारा पोरं जमतात, सोडलेली.
एकच नियम: कुठल्या क्लबात होतास, विचारायचं नाही.
पहिल्या गुरुवारी कॅलन व्हॅनमधून उतरलाच नाही.
दुसऱ्या गुरुवारीही.

तीस जूनला खोलीचे पैसे थांबले.
नव्या मुलाचा कागद आला: ग्रिम्सबीचा, सोळाचा,
फोटोत फार हसतोय.
मी कळवलं, खोली रिकामी नाही.
विद्याधर चष्म्यावरून बघत राहिले,
मग म्हणाले, 'बरं. पण गरम पाणी जपून वापरा म्हणावं.'

परवा मशीन उघडलं,
मोज्यांतून काळे रबराचे दाणे सांडले.
खोट्या गवताचे. मुठी मुठी.
त्यांचा डाग पडत नाही आणि ते संपतही नाहीत,
चपलेत, सोफ्यात, पोळ्यांच्या डब्याखाली.
मी खालून ओरडले.
'सॉरी, मावशी,' वरून आलं.
तो शब्द उमरने शिकवलाय.

दाणे तळहातावर घेऊन पाहिले.
कुणी पाडलं, किती झाले, जिंकले की हरले,
यातलं मला काहीच वाचता येईना.
म्हटलं, झाडू जिन्याखाली आहे.